एफ२, एफ१२, एस्केप सगळंच बंद: जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये शिरायचं कसं?

जुनं_खोड

साधारण २०१२ चा लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलेली, वर विंडोज १०. कीबोर्डची वरची रांग जवळजवळ गेली आहे. एस्केप, एफ१, एफ२, एफ१०, एफ१२ आणि डिलीट काहीच उठत नाही. अक्षरं, बाण आणि एंटर मात्र ठीक चालतात.

यावर लिनक्स टाकायचं आहे. पेनड्राइव्ह तयार आहे, पण बूट ऑर्डरमध्ये (मशीन कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात) आतली डिस्क पहिली असल्यामुळे मशीन थेट विंडोजमध्येच जातं. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावला तर विंडोजमध्ये तो छान चालतो, पण सुरुवातीच्या लोगोच्या वेळी कितीही एफ२ दाबलं तरी दखलच घेत नाही. कीबोर्ड डावीकडच्या निळ्या पोर्टमध्ये लावला होता.

लॅपटॉप न उघडता बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) जाता येईल का? आणि उघडावाच लागला, तर नेमकं काय तपासायचं?

---

तांब्याची_तार

आधी तो कीबोर्ड निळ्या पोर्टमधून काढा. निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो.

लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड यूएसबीवर नसतो. तो मदरबोर्डवरच्या एम्बेडेड कंट्रोलरला जोडलेला असतो आणि जुन्या पीएस/२ कीबोर्डसारखा वागतो, त्यामुळे मशीन चालू होताक्षणी बायोसला तो दिसतो. यूएसबी कीबोर्डचं तसं नाही. बायोसने आधी यूएसबी कंट्रोलर जागा करायचा, मग त्यावर काय लावलंय ते ओळखायचं, तेव्हा कुठे कळ पोचते. यूएसबी ३.० (म्हणजे सहसा निळा पोर्ट) इंटेलच्या चिपसेटमध्ये २०१२ च्या पिढीपासून आलं. त्याआधीच्या बोर्डांवर निळा पोर्ट वेगळ्या चिपवर असायचा आणि त्या चिपचा ड्रायव्हर अनेक बायोसमध्ये नसायचाच. म्हणजे विंडोज सुरू होऊन ड्रायव्हर चढेपर्यंत तो पोर्ट मेलेला. २०१२ च्या मशीनमध्ये दोन्ही प्रकार सापडतात.

तेव्हा असं करा:

साधा, वायरचा कीबोर्ड घ्या. ब्लूटूथचा नको, तो या टप्प्यावर जोडलाच जात नाही. डोंगलवाला कधी चालतो, कधी नाही; त्याच्या भरवशावर राहू नका. मध्ये हब नको. लॅपटॉप पूर्ण बंद असताना कीबोर्ड काळ्या पोर्टमध्ये लावा आणि बाकी सगळं यूएसबी सामान काढून ठेवा, पेनड्राइव्हसुद्धा. मग चालू करा आणि कीबोर्डवरच्या न्यूम लॉक, कॅप्स लॉकच्या दिव्यांकडे बघत राहा. बायोसने कीबोर्ड ओळखला की ते क्षणभर लुकलुकतात. त्याआधी दाबलेली कळ कुठेच पोचत नाही. दिवे लुकलुकल्यापासून एफ२ सेकंदाला दोनदा या बेताने टपटप दाबत राहा. दाबून धरू नका. काही बायोस धरलेल्या कळीला अडकलेली कळ समजून कीबोर्ड एरर देतात.

दिवे विंडोजचा लोगो येईपर्यंत लागलेच नाहीत, तर बायोसमध्ये यूएसबी लेगसी सपोर्ट (विंडोजच्या आधीच यूएसबी कीबोर्ड चालवायची सोय) बंद आहे किंवा बायोसचं फास्ट बूट यूएसबी तपासणी वगळतंय. मग मार्ग वेगळा.

आणखी एक. विंडोजमध्ये शट डाउन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. लिनक्स टाकायच्या आधी हे फास्ट स्टार्टअप तसंही बंद करायला हवं, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट उघड्या अवस्थेत राहतं आणि लिनक्समधून त्यावर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो.

---

काळा_पडदा

कळा न दाबता जायचा रस्ता विंडोजमध्येच आहे, फक्त तो तुमच्या मशीनवर उपलब्ध आहे का ते आधी बघावं लागेल. सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि उजव्या बाजूच्या यादीत बायोस मोड ही ओळ शोधा. तिथे यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलंय की लेगसी (जुनी बायोसची पद्धत), यावर पुढचं सगळं ठरतं.

यूईएफआय असेल तर काम फार सोपं आहे. स्टार्ट मेन्यूतल्या रीस्टार्टवर शिफ्ट धरून क्लिक करा. निळा पडदा येईल. त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. रीस्टार्ट झाल्यावर मशीन थेट बायोसच्या पानावर थांबतं. शिफ्टही गेली असेल तर सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप इथून तोच पडदा माउसने येतो.

अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्येही एका ओळीत होतं: शटडाउन /आर /एफडब्ल्यू /टी ० (अर्थात रोमन लिपीत, प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक स्पेस). एन्व्हायर्नमेंट ऑप्शन सापडला नाही अशी २०३ क्रमांकाची एरर आली तर तीच ओळ पुन्हा एकदा चालवा, कधीकधी दुसऱ्या वेळी चालते. दोन्ही वेळा तेच आलं तर विंडोज लेगसी मोडमध्ये आहे असं समजा.

पण मला मूळ प्रश्न वेगळाच वाटतो. तुम्हाला बायोस नकोय, पेनड्राइव्हवरून बूट हवंय. यूईएफआय मशीनमध्ये त्याच निळ्या पडद्यावर यूज अ डिव्हाइस असा पर्याय असतो. पेनड्राइव्ह लावून ठेवा, तो निवडा, मशीन एकदाच त्यावरून सुरू होईल. बायोसला हात लावायचीही गरज नाही.

मशीनमध्ये लिनक्स आधीच असेल (इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितोय) तर टर्मिनलमध्ये सिस्टिमसीटीएल रीबूटला फर्मवेअर-सेटअप हा पर्याय दोन डॅश देऊन जोडायचा. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेन्यूतही बहुतेक वितरणांत शेवटची ओळ यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्जची असते. बाणाने खाली जा, एंटर द्या. हेही फक्त यूईएफआय मोडमध्येच.

सावधगिरी: ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर बायोसमधली सेटिंग बदलल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती टाकायची तर अंकांच्या कळा हव्यात. ती की आधी दुसरीकडे उतरवून ठेवा आणि बिटलॉकर सस्पेंड करून मगच पुढे जा.

लेगसी असेल तर वरचं काहीच लागू नाही. निळ्या पडद्यावर फर्मवेअरचा पर्याय दिसणारच नाही, तो शोधत बसू नका. मात्र लेगसी लिहिलंय याचा अर्थ मशीनला यूईएफआय येतच नाही असा नाही. विंडोज त्या पद्धतीने टाकलंय एवढाच त्याचा अर्थ.

---

जुनं_खोड

बायोस मोड: लेगसी. उजवीकडे एक काळा पोर्ट आहे, त्यात कीबोर्ड लावला. दिवे लुकलुकतात, म्हणजे ओळखलं जातंय. तरीही एफ२ आणि एफ१२ दोन्ही टपटप दाबून मशीन विंडोजमध्येच जातं. कीबोर्ड छोटा आहे, नंबरपॅड नसलेला, वरच्या रांगेत आवाज आणि ब्राइटनेसची चित्रं असलेला.

---

तांब्याची_तार

ती चित्रंच कारण असणार. अशा कीबोर्डात वरची रांग मूळ स्थितीत मल्टिमीडियाची असते. तुम्ही एफ२ दाबता तेव्हा तो आवाज कमी किंवा असलंच काहीतरी पाठवतो. बायोस यूएसबी कीबोर्डशी अगदी साध्या बूट प्रोटोकॉलमध्ये बोलतो आणि त्यात मल्टिमीडियाच्या कळा नाहीतच, त्यामुळे ती कळ वाऱ्यावर जाते. एफएन धरून एफ२ टपटप दाबा. काही कीबोर्डांत एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की रांग कायमची एफ१ ते एफ१२ होते. नेमकं काय जातंय ते विंडोजमध्येच तपासून घ्या: डेस्कटॉपवर एखादी फाइल निवडून ती कळ दाबा. नाव बदलायचा चौकोन उघडला तर खरी एफ२ जातेय.

याच जातीची दुसरी अडचण गेमिंग कीबोर्डांची. एकाच वेळी कितीही कळा ओळखणारे कीबोर्ड आपला अहवाल वेगळ्या रचनेत पाठवतात, बूट प्रोटोकॉलचा अहवाल मात्र आठ बाइटचा आणि सहा कळांचा असतो. अशा कीबोर्डाला सहा कळांच्या मोडमध्ये टाकायचं बटण असेल तर ते वापरा. नाहीतर सगळ्यात साधा, १०४ कळांचा जुना वायरवाला कीबोर्ड कोणाकडून तरी मागून आणा. या कामाला तोच सगळ्यात भरवशाचा.

---

नोवो_बटण

कंपनी लिहिली नाहीत, म्हणून माहीत आहेत त्या सगळ्या देतो. अनेक मशीनवर आत जायला एकापेक्षा जास्त दारं असतात आणि तुमच्या काही कळा अजून जिवंत आहेत.

एचपी: एस्केपने मेन्यू येतो, पण एफ१० ने थेट सेटअप आणि एफ९ ने थेट बूट मेन्यूही येतो. तुमच्या बंद कळांच्या यादीत एफ९ नाही. मशीन एचपी असेल तर बाहेरच्या कीबोर्डाशिवायच काम होईल.

डेल: एफ२ सेटअप, एफ१२ बूट मेन्यू. दोन्हींपैकी एक चालली तरी पुरे, कारण एफ१२ च्या मेन्यूत खाली बायोस सेटअपचाही पर्याय असतो.

लेनोवो आयडियापॅड: पॉवर बटणाशेजारी किंवा कडेला उलट्या वळणाच्या बाणाचं छोटं बटण असतं, काहींत नुसतं टाचणीएवढं भोक. हे नोवो बटण. मशीन पूर्ण बंद असताना (स्लीपमध्ये नाही) ते दाबलं की मशीन चालू होऊन चार ओळींचा मेन्यू येतो, त्यात बायोस सेटअप आणि बूट मेन्यू दोन्ही. भोक असेल तर सिमकार्डाची पिन चालते. थिंकपॅडवर एफ१ सेटअप, एफ१२ बूट मेन्यू, पण लोगोवर नुसतं एंटर दाबलं तरी थांबून पर्याय दाखवतो. जुन्या थिंकपॅडचं निळं बटणही हेच करतं.

सोनी वायो: असिस्ट असं लिहिलेलं वेगळं बटण असेल तर मशीन बंद असताना तेच दाबून चालू करा. त्या काळच्या बहुतेक मॉडेलांत रेस्क्यूचा मेन्यू येतो आणि त्यातून सेटअपमध्ये जाता येतं.

आसुस: एफ२ सेटअप, एस्केप बूट मेन्यू. एसर: एफ२ सेटअप. एफ१२ चा बूट मेन्यू एसरमध्ये बऱ्याचदा सेटअपमधून चालू केल्याशिवाय उठतच नाही, त्यामुळे एसरवर एफ१२ ला प्रतिसाद नाही म्हणजे कळ बिघडली असा निष्कर्ष काढू नका. तोशिबा: एफ२ आणि एफ१२.

यातलं काहीच जमलं नाही, तर डिस्कचा मार्ग. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत खालचं एक झाकण काढलं की डिस्क हाताला लागते. बॅटरी आणि अडॅप्टर काढून एसएसडी बाहेर काढा, लिनक्सचा पेनड्राइव्ह काळ्या पोर्टमध्ये लावा आणि चालू करा. आतली डिस्क सापडली नाही की बायोस यादीतल्या पुढच्या उपकरणाकडे जातं. यूएसबी त्या यादीत कुठेही असेल तर पेनड्राइव्हवरून बूट होईल. बूट होण्यासारखं काहीच न सापडल्यावर काही मशीन स्वतःहून सेटअपच उघडतात.

लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू झालं की एसएसडी यूएसबी-साटा केबलला किंवा केसमध्ये लावून दुसऱ्या पोर्टला जोडा आणि तिथेच इन्स्टॉल करा. चालू मशीनमध्ये ती परत आत खोचू नका. इथे एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे जातोय. लिनक्स डिस्कांना स्वतःची नावं देतं; अशा मांडणीत सहसा पेनड्राइव्ह एसडीए होतो आणि एसएसडी एसडीबी. इन्स्टॉलर बूटलोडरसाठी एसडीए सुचवत असेल तर बदलून एसडीबी करा. आकारावरून खात्री करून घ्या. मग मशीन बंद करून एसएसडी आत बसवा.

पेनड्राइव्ह रूफसने (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) बनवताना पार्टिशन स्कीम एमबीआर, म्हणजे डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत, ठेवा. जीपीटी, म्हणजे नवी पद्धत, ठेवली तर लेगसी मशीन तो पेनड्राइव्ह बघूनही सोडून देईल, आणि तुम्ही कीबोर्डला दोष देत बसाल.

---

सोल्डर_आणि_संयम

उघडायची वेळ आलीच तर हे तपासा.

कीबोर्डाच्या खाली पारदर्शक प्लास्टिकचे थर असतात आणि त्यांवर वाहक रेषा छापलेल्या असतात, आडव्या-उभ्या जाळीसारख्या. प्रत्येक कळ म्हणजे एका आडव्या आणि एका उभ्या रेषेची भेट. म्हणून एकच कळ मेली असेल तर दोष त्या कळीखाली असतो, आणि अनेक कळा एकदम मेल्या असतील तर एखादी सामाईक रेषा तुटलेली, गंजलेली किंवा रिबन (कीबोर्ड मदरबोर्डला जोडणारी चपटी पट्टी) सैल. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय.

एकच कळ गेलेली असेल त्यांनी कळीचं टोपण नखाने एका कोपऱ्यातून हळूच उचलावं. खाली कात्रीसारखा प्लास्टिकचा सांगाडा आणि मधे रबराचा छोटा घुमट असतो. टोपण किंवा सांगाडा तुटला असला तरी घुमट जागेवर असेल तर त्याच्या माथ्यावर बोथट काडीने सरळ खाली दाबा, कळ उठते. बायोसमध्ये जाण्यापुरतं एवढं पुष्कळ. चिकटपणा असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. ओतू नका, थरांच्या मधे गेलं तर आतली घाण पसरते.

अनेक कळा गेल्या असतील तर रिबन बघा. बॅटरी आणि अडॅप्टर आधी काढायचे. कीबोर्ड उचलताना झटका देऊ नका, रिबन आखूड असते. कनेक्टरचं कुलूप दोन प्रकारचं: एक वर उघडणारी पट्टी, दुसरं दोन्ही टोकांनी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर सरकणारं. कोणतं आहे ते बघितल्याशिवाय जोर लावू नका, ही पट्टी तुटली की रिबन धरूनच राहत नाही. रिबनची टोकं अल्कोहोलने पुसून वाळवा आणि सरळ बसवा. रिबनवर आडवी पांढरी रेघ असेल तर ती कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. जरा तिरकी बसली तरी टोकाच्या काही रेषा लागत नाहीत आणि नेमक्या अशाच काही कळा बंद पडतात.

रिबन नीट बसवूनही फरक पडला नाही तर रेषाच गेलेली आहे. काहीजण चांदीचा वाहक रंग लावून जोडायचा प्रयत्न करतात, पण या कीबोर्डांचे थर प्लास्टिकच्या वितळवलेल्या खुंट्यांनी जखडलेले असतात. उघडले की पुन्हा तसे बसत नाहीत. माझ्या मते तो खटाटोप करू नये, कीबोर्डच बदलावा. नवा घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. जुन्याच्या पाठीवरच्या लेबलचा पार्ट नंबर जुळवा आणि रिबन कोणत्या बाजूने निघते, चौकट आहे की नाही, बॅकलाइटची दुसरी बारीक रिबन आहे का, एंटर कोणत्या आकाराचं आहे, हेही ताडून बघा.

एखादी कळ आतून अडकून सतत दाबलेली राहिली असेल तर बाहेरचा कीबोर्डही गोंधळतो: चालू करताना बीप वाजत राहतात किंवा बायोसमधली निवड आपोआप सरकते. तेव्हा आतली रिबन काढून टाका आणि नुसत्या बाहेरच्या कीबोर्डवर काम करा. काही मॉडेलांत पॉवर बटण कीबोर्डाच्याच शीटवर असतं, तिथे रिबन काढली तर मशीन चालूच होणार नाही. ते आधी बघा.

सीमॉस सेल (बायोसच्या सेटिंग जपणारी मदरबोर्डवरची छोटी बॅटरी) काढायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग एकाच परिस्थितीत आहे: यूएसबी लेगसी सपोर्ट कोणीतरी बंद करून ठेवलाय आणि बाहेरचा कीबोर्ड ओळखलाच जात नाही. सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबलं, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरलं, की सेटिंग मूळ पदावर येतात आणि तो सपोर्ट सहसा चालू होतो. सेल बहुधा सीआर२०३२, कधी वायर जोडलेला आणि वेष्टणात गुंडाळलेला. तुमच्या मशीनवर दिवे लुकलुकतात, म्हणजे सपोर्ट चालू आहे, म्हणजे तुम्हाला याची गरज नाही. उगाच केलं तर साटा मोड (मशीन डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून बदलू शकतो आणि मग विंडोज निळ्या पडद्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून थांबतं. ते सुधारायला पुन्हा बायोसच लागतं. सुपरवायझर पासवर्डही अनेक लॅपटॉपांत सेल काढून जात नाही, कारण तो वेगळ्या चिपमध्ये असतो.

---

तांब्याची_तार

आत शिरल्यावर काय बदलायचं तेही लिहून ठेवतो, कारण नोवो किंवा असिस्ट बटणाने गेलात तर बाहेर पडताना पुन्हा त्याच मेलेल्या कळा आडव्या येतात.

एफ१० शिवाय सेव्ह करता येतं. उजव्या बाणाने शेवटच्या एक्झिट टॅबवर जा, एक्झिट सेव्हिंग चेंजेसवर एंटर द्या, मग यसवर पुन्हा एंटर. बूटची यादी वर-खाली करायला बहुतेक ठिकाणी एफ५ आणि एफ६ किंवा अधिक-उणे चिन्हं लागतात. ही सोय पडद्याच्या उजव्या कडेला किंवा तळाशी लिहिलेली असते. एका बाबतीत जपून: एस्केप चालत नसेल तर ड्रॉपडाउन उघडल्यावर मागे फिरता येत नाही, आहे तोच पर्याय पुन्हा निवडून एंटर द्यावं लागतं.

एकदा आत गेलात की पुढच्या वेळेची सोय करूनच बाहेर पडा. यूएसबी हार्डडिस्क किंवा यूएसबी एचडीडी नावाची ओळ बूट यादीत सगळ्यात वर ठेवा. पेनड्राइव्ह लावलेला नसेल तेव्हा बायोस ती ओळ ओलांडून एसएसडीकडे जातं, त्यामुळे रोजच्या वापरात काही बिघडत नाही. फास्ट बूट असेल तर बंद करा. यूएसबी लेगसी सपोर्ट चालू आहे ना ते बघा. लोगोवर थांबण्याचा वेळ वाढवायची सोय असेल तर ५ सेकंद करा. एसर असेल तर एफ१२ बूट मेन्यू चालू करा. साटा मोडला मात्र हात लावू नका, आणि बूट मोड लेगसी आहे तो तसाच राहू द्या. विंडोज ठेवायचं असेल तर तो बदलल्यावर ते सुरूच होणार नाही.

पेनड्राइव्ह बायोसच्या यादीत दिसतच नसेल तर तो लावून मशीन एकदा रीस्टार्ट करा आणि मग पुन्हा आत या. बरेच जुने बायोस चालू होताना जे लावलेलं असतं तेवढंच यादीत दाखवतात, नंतर लावलेलं नाही.